दोन्ही डाव्या बाह्या

कात्रीला हात लावायच्या आधी सासूबाई रोज सकाळी देवाचे तीन आभार मानायच्या. दोन बऱ्या गोष्टींबद्दल, एक बिनसलेल्या गोष्टीबद्दल. चाळीस वर्षांत या रतीबाला एकदाही खाडा नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही, असं जुन्या गिऱ्हाईक बायका सांगत. त्या कापायच्या आणि सून शिवायची, म्हणून सगळी गल्ली त्यांना कटरबाई म्हणे.

सुनेला आधी आधी या प्रकाराचं हसू यायचं.

"मशीनचा पट्टा तुटला, त्याबद्दल आभार," सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या.

"आई, त्यापायी माझा अख्खा दिवस फुकट गेला. आभार कसले?"

"दुपारी आडवी झालीस की नाही घटकाभर? पाच वर्षांत पहिल्यांदा."

"आणि परवा इस्त्रीनं माझा हात भाजला, तो?"

"त्याचं कारण अजून कळलं नाही. कळलं की सांगेन. आभार मानून ठेवलेत."

बरं, बाई भोळ्या म्हणाव्यात तर तसंही नाही. माप देताना कुणी पोट आत ओढलं की त्या टेप तशीच धरून गप्प उभ्या राहायच्या, समोरचीला श्वास सोडावा लागेपर्यंत. अशा बाईला कुणी फसवेल, देव धरून, हे सुनेला पटायचं नाही. म्हणून हळूहळू तिचं हसू ओसरलं आणि त्या जागी थोडा हेवा आला.

मग मुख्याध्यापिका बाईंचा कोट आला. निळं लोकरी कापड. त्यांच्या बहिणीनं पाठवलेलं. बहीण आता नव्हती, त्यामुळे तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. त्यात ते तोकडं. घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात. अशा वेळी एक बाही कापायची, मापाचा कागद पालथा घालायचा, मग दुसरी कापायची. कागदावर ठळक 'डावी' लिहिलेलं असे. अक्षर दिसेनासं झालं की कागद पालथा झाला असं समजायचं.

पहिली बाही सासूबाईंनी लख्ख उन्हात कापली. दुसरीच्या वेळी आभाळ भरून आलं. कागदावर अक्षर दिसलं नाही, म्हणून तो पालथाच आहे असं त्यांनी धरलं, आणि कात्री चालवली.

सून बाही खांद्याशी मुंढ्याला लावायला गेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही बाह्या डाव्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी घोळवून सांगितलं नाही. नजरेचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही. गेलेलं परत येणार नाही. कापणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई रोजच्यासारख्या टेबलापाशी येऊन बसल्या. डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले. सून कात्री घेऊन उभी. तिला वाटलं, आज मोडलं हे. आणि ते मोडलं तर या घरात आपण कशाच्या आधाराने उठायचं, हेही तिला त्याच क्षणी कळेनासं झालं.

"आज तू म्हण," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं होत नाही."

"मी? तुमची नजर काढून घेतली म्हणून त्याचे पाय धरू?"

"नजरेचं तू बोलू नकोस. तो माझा आणि त्याचा मामला. मी भांडेन त्याच्याशी सवडीनं. पण खाडा नको."

"मनात नसताना म्हणायचं?"

"तुला रोज मनापासून शिवावंसं वाटतं? तरी बसतेस ना मशीनवर? बसलं की येतं. कधी येत नाही. तरी बसायचं."

सुनेनं घसा साफ केला. "मुख्याध्यापिका बाई कोटावरून चिडल्या नाहीत, आभार. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, आभार." मग ती अडली. "बाह्या चुकल्या... आभार. कारण माहीत नाही."

"चालतं," सासूबाई म्हणाल्या.

सून बाही उचलून उगाच हातात फिरवत राहिली. कापडाची उलट बाजू फिकी होती, पावसाआधीच्या आभाळासारखी. डावी बाही उलटी केली की उजवी होते, हे तिला माहीत होतं. पण मग एक हात गडद आणि एक फिका.

"आई, कॉलरही फिक्या बाजूनं केली तर? आणि कापून ठेवलेल्या खिशांच्या पट्ट्याही उलटवल्या तर? मुद्दामच केल्यासारखं दिसेल."

सासूबाईंनी बाही ओढून घेतली आणि दोन्ही बाजूंवरून बोटं फिरवली. "वीण दोन्हीकडून घट्ट आहे. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्याच. दुसरं कोण आहे इथे?"

"मग कॉलर तूच काप."

सुनेनं आजवर कापडाला कात्री लावली नव्हती. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही. उरलेलं कापड जेमतेम एका कॉलरपुरतं होतं. तिनं मुख्याध्यापिका बाईंना विचारून घेतलं, कागद दोनदा तपासला, आणि कापायला लागली. कात्री जाड लोकरीतून कुरकुरत पुढे सरकू लागली.

सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?" सुनेनं हात थांबवून विचारलं.

"तुझ्याशी नाही बोलले," त्या म्हणाल्या. "तू काप."