हळकुंडाचे डाग

"अजून दिसतंय का गं?"

"हलू नका वो. हललात की तेल पसरतंय," बायजा म्हणाली आणि तिनं वाटीत तेलात कालवलेल्या काव-राखेत पुन्हा बोट बुडवलं.

सहदेव थोरल्या भावाच्या पडवीत, कुडाला पाठ लावून उघड्या अंगानं उभा होता. डाव्या बरगडीखाली हळकुंड पेटवून दिलेले जुने डाग होते, पांढुरके, चकचकीत. बाकीचे एका ओळीत बसले होते. शेवटचा तेवढा वाकडा, खाली घसरलेला.

"हा मेला लपतच नाय," बायजा त्या वाकड्या डागावर बोट फिरवत म्हणाली. "सासूबाईंचा हात एवढा कसा घसरला?"

"रडत व्हती," सहदेव म्हणाला.

आतून भावजयीचा आवाज आला, "भावजी, एवढं रंगवताय तर शेपटी पण लावा. शिमग्याचं सोंग तरी निघंल."

बायजाच्या बोटाचा दाब वाढला. जावेच्या पडवीत तिची कितीतरी वर्षं अशीच गेली होती. चूल जावेची, मीठही जावेचं, आणि येता-जाता हे असलं बोलणं. डोंबिवलीला तेव्हा नुकतंच टेशन झालं होतं. भोवती सगळी भाताची खाचरं, मधून बैलगाड्यांची वाट, आणि वाट रुळांना जिथं आडवी जायची तिथं फाटक. त्या फाटकावर माणूस पाहिजे होता. फाटकवाल्याला कौलारू खोली मिळायची. बायजानं ती एकदा बाहेरूनच पाहिली होती, आणि चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची तेही ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच होती. ज्याला एकदा लांबलेला हिवताप आला त्याला रेल्वे कंपनी कामावर घेत नसे. असला ताप पुन्हा उलटतो, माणूस फाटकात पडून राहतो, आणि गाडीखाली बैलगाडी येते, असं साहेबलोकांचं म्हणणं. म्हणून कल्याणला डॉक्टर उघडं करून पोट बघायचा. तापानं डाव्या बरगडीखालची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की या मुलखात पोट डागतात, हे सगळ्यांना माहीत. डाग दिसला की आजारपण उघडं पडलं.

आता ताप काय सहदेवनं मागून घेतला होता? त्याला दलदलीत झोपवलं कुणी?

ओठांवर मिसरूड फुटलं तेव्हा तो खडवलीकडच्या टोळीत रूळ सांभाळायला लागला होता. अजूनही त्याला ते दिवस आठवले की अंगात वारं शिरायचं. पहारी खांद्यावर घेऊन सगळे एका सुरात आवाज काढायचे आणि तेवढ्या आवाजावर लोखंड सरकायचं. संध्याकाळी नदीत उड्या. मग काठावर तीन दगडांची चूल, वर भाताचं मडकं, आणि कुणीतरी करवंदं पळसाच्या पानात बांधून आणलेली. पोटाला कमी असे, पण हसायला तोटा नसे. पावसाळ्यात मात्र झोपड्यांत पाणी शिरलं आणि एकेक जण कुडकुडू लागला. सहदेव पडला तेव्हा मुकादम दारातून म्हणाला, "सोंग करतंय पोरगं." दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा केला. रुळाची ढिली खीळ ठोकायला कंपनीची माणसं धावत जायची. ढिल्या माणसाला फेकून द्यायची.

विठ्ठलवाडीच्या घरून त्याची आई, आवडाबाई, रुळांच्या कडेकडेनं चालत आली. ओटीत कण्या होत्या आणि कनवटीला हळकुंड. त्याला हलवण्याजोगं नव्हतं, म्हणून तीच त्या ओल्या झोपडीत राहिली. काडेचिराइताचा कडू काढा पाजायची, पेज भरवायची, आणि एक दिवस दिव्यावर हळकुंड धरून म्हणाली, "माज्याकडं बग. खाली बगू नको." त्यानं तिच्याकडंच बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या हातापर्यंत आलं तेव्हा शेवटचा डाग बसला.

तो उठला. दसऱ्याला घरी आला तेव्हा ती आडवी झाली, त्याच तापानं. डाग द्यायची छाती घरात तिचीच होती. तिला द्यायला कुणाचा हात धजला नाही, आणि ती गेली.

कल्याणच्या टेशनामागं उन्हात रांग उभी होती. डॉक्टरसाहेब खुर्चीत, आणि शेजारी ठाण्याचा किरिस्ताव कंपाउंडर लिओनार्ड, इकडचं तिकडं सांगायला.

"बंडी काढा रे सगळ्यांनी," लिओनार्ड म्हणाला.

बंड्या उतरल्या आणि सहदेव बघतच राहिला. कुणी चुना लावला होता, कुणी कंबरेचा शेला वर ओढून बांधला होता. घामानं सगळ्यांचंच सोंग उतरत होतं, आणि खाली तेच डाग.

पहिल्याला विचारलं. "लहानपनी चुलीत पडलो," तो म्हणाला. दुसराही चुलीत पडला होता. तिसराही. साहेब काहीतरी बोलला आणि खो खो हसला.

"साहेब विचारतात, तुमच्या आया पोरं सांभाळतात का चुलीवर शिजवतात?" लिओनार्डनं सांगितलं.

रांग हसली. सहदेवही हसला. मग त्यानं स्वतःच्या डागांकडं बघितलं.

त्याची पाळी आली. पोटावरून तांबडा ओघळ धोतरात उतरला होता. लिओनार्ड वाकून हळूच म्हणाला, "चुलीत पडलो म्हण आणि मोकळा हो. माझ्या मायनं पण मला डागलेलं. मी पण चुलीतच पडलेलो."

सहदेवला बायजाचा तो चुलीचा कोपरा दिसला. तरी त्यानं मान वर केली.

"ताप व्हता. खडवलीच्या टोळीत. पावसाळाभर पडून व्हतो. आयेनं डागलं, म्हणून जगलो."

लिओनार्डनं साहेबाला इंग्रजीत काही सांगितलं. साहेब पुन्हा तसाच हसला. ते हसणं सहदेवनं आत्ताच ऐकलं होतं.

"मी बोललो ते नाय सांगितलंस तू."

"गप रे. घरी बायको आहे ना तुला?"

"हाय. पण माजी आय तसली नव्हती."

आणि साहेबाकडं बघत त्यानं दोन्ही हात छातीशी घेतले, दातावर दात आपटत कुडकुडून दाखवलं. मग वाकड्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आय."

साहेबाचं हसू थांबलं. पुढं होऊन त्यानं बरगडीखाली बोटं रुतवली, बराच वेळ चाचपलं. वाढलेली पानथरी काही हाताला लागली नाही. तरी त्यानं नकाराची मान हलवली आणि पुढच्याला हात केला.

पुढचाही लहानपणी चुलीत पडला होता.

ऊन कलताना सहदेव पडवीत आला. बायजानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, खोलीचं विचारलं नाही. आतून भावजय म्हणाली, "काय भावजी, निघालं का सोंग?"

"निघालं, वहिनी," तो म्हणाला.

बायजानं तांब्यात पाणी आणलं, लुगड्याचा पदर भिजवला आणि राहिलेली काव पुसायला बसली. ओळीतले डाग एकेक करून उघडे झाले. शेवटच्या, वाकड्या डागाशी तिचा हात थांबला.

"दुखतं का वो अजून?"

"नाय," तो म्हणाला. "पूस."