शिफारशीची दुसरी सही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. सभासदांची. नोकरीवरून काढलेल्या माणसांची बाजू कोर्टात मांडणाऱ्या वकिलांनी संघटना काढली, तेव्हा बायंडरने मला मुद्दाम जाड कागद वापरून बांधले. वर हिरवे कापड चढवले. कोर्टामागच्या खोलीत मला टेबलावर मानाची जागा होती. माझ्यात नाव चढायचे तर दोन जुन्या सभासदांनी शिफारशीची सही करायची, असा नियम होता. सही करण्याआधी काही जण हात पुसून घेत. मला त्याचे फार अप्रूप वाटे.

एके दिवशी एक तरुण वकीलबाई आली. पहिली सही चिटणीसबाईंनी लगेच केली. दुसरी तिला अण्णांचीच हवी होती. अण्णा संघटनेतले सर्वांत जुने वकील. तिची आई शिवणकारखान्यात होती. आजारपणाच्या रजेवरून परतली, तर तिला कामावर घेतलेच नाही. तिचा दावा अण्णांनी नऊ वर्षे लढवला होता.

चिटणीसबाई चाचरल्या. "अण्णांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत गं. दुसऱ्या कुणाची घे."

"जाऊन तर येते," ती म्हणाली, आणि मला पिशवीत घातले.

अण्णा खिडकीशी बसले होते. शर्टाची बटणे वरखाली लागली होती. त्यांनी अनोळखी पाहुणीला करावा तसा तिला नमस्कार केला. तिने आईचे नाव सांगितले. त्यांचा चेहरा कोराच राहिला. मग तिने कारखान्याचे नाव घेतले, तसे ते ताठ बसले.

"तो दावा हरलो आपण. रजा नोंदलेलं हजेरीपत्रक कारखान्याकडून वेळेत मागवायला हवं होतं. राहून गेलं. चूक माझी होती, त्या बाईंची नव्हे. त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. तुमची भेट होते का त्यांच्याशी?"

तिने मला पिशवीतून काढून त्यांच्यापुढे उघडले. "सांगते मी त्यांना," ती म्हणाली.

अण्णांनी सही केली. अक्षरे ओळ सोडून खाली घसरली.

परतल्यावर चिटणीसबाईंनी तिचे नाव माझ्यात लिहिले, अभिनंदन केले. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना.

"उलटतपासणीत मीच अडखळले, म्हणून हरलो, असं आई म्हणायची," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत तेच म्हणत होती."

त्यानंतर माझ्यात फार नावे चढली नाहीत. आता सगळी नावे संगणकात असतात. मी कपाटात, जुन्या पंख्याखाली दबून आहे. कडांना वाळवी लागली आहे.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा, असे मी म्हणणारच. पण त्याहून मोठी विनंती आहे. कुणाला काही सांगायचे राहिले असेल, तर उठा आणि सांगून या. ती आई अण्णांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होती.