दोन टाळ्यांचे शॉट

बातमी कळली तेव्हा तो खाणीच्या तबेल्यात एका म्हाताऱ्या घोडीच्या खाण्याचा आवाज रेकॉर्ड करत होता. रेकॉर्डिंग चालू असताना फोन बंद, हा त्याचा जुना नियम. त्यामुळे मेहुणीचे फोन लागलेच नाहीत. शेवटी तिने खाणीच्या ऑफिसात फोन केला आणि मुकादम धापा टाकत आला. याच्या कानावर हेडफोन होते. मुकादमाचे शब्द माइकमधूनच त्याच्या कानात पडले.

"साहेब, आवरा. तुमच्या बाईसाहेब गेल्या."

घोडी खातच होती.

सकाळी बायकोच्या छातीत जरा कळ आली होती. "तू हो पुढे, घोडीचं खाणं राहिलंय. मी डॉक्टरला दाखवून येतेच," असं म्हणाली होती. दवाखान्याच्या जिन्यात ती दम खायला म्हणून बसली, ती उठली नाही.

दोघं मिळून माहितीपट करायची. कॅमेरा तिचा, आवाज याचा. आधी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवर केला, मग प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवर. आता हा, बोगद्यातून दगडाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांवर. असं काम जनावरांकडून करून घ्यायला बंदी घालावी, हा विषय नगरपरिषदेपुढे येणार होता. त्याच्या आदल्या आठवड्यात चॅनेलवर फिल्म दाखवायची ठरली होती. चित्रीकरण सगळं झालं होतं. फक्त जोडायचं बाकी होतं, आणि जोडायचं काम एरवी तीच करायची.

तिच्या चपला दाराशी तशाच होत्या. तो त्यांच्याकडे बघायचा, मेहुणी त्याच्याकडे बघायची, आणि हलवायचं कुणीच नाही. अशाच एका दिवशी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, फिल्म मी जोडते."

मेहुणी लग्नाच्या फिल्मा जोडायची.

"जमेल तुला?"

"नवरीच्या आईला रडवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. घोडी तर काय, आपण होऊन रडवेल."

त्याने सगळं चित्रीकरण तिच्या हवाली केलं. स्वतः मागच्या खोलीत, जिथे बायकोचं एडिटिंगचं टेबल होतं, तिथे पाय ठेवायची त्याची हिंमत झाली नाही.

फिल्म तयार झाली म्हणून चॅनेलच्या बाई बघायला आल्या, तेव्हा त्याला आत बसावंच लागलं. पडदे ओढले, फिल्म सुरू झाली. घोडीच्या पाठीवर चाबूक बसला. मग दुसरा. तिचे पुढचे गुडघे दुमडले, तोंडाला रक्त आलं, गाडीवान लगाम हिसकत होता. चॅनेलच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. तो मात्र मेहुणीकडे वळला.

"हे शॉट कुठून काढलेस?"

"कुठून म्हणजे? ताईनेच निवडलेत," मेहुणी म्हणाली. "शॉट संपला की कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवायची ना ती? काहींना एक टाळी, काहींना दोन. एक म्हणजे बरा, दोन म्हणजे फक्कड. एवढं कळतं मला."

तो हळूच म्हणाला, "एक म्हणजे ठेवायचा. दोन म्हणजे टाकून द्यायचा."

मेहुणीचा चेहरा पडला. "म्हणजे मी सगळा कचरा वेचून त्याची फिल्म केली?"

"तुला सांगायला पाहिजे होतं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"अहो, पण हे टाकायचं का?" चॅनेलच्या बाई म्हणाल्या. "तो फटका खरा आहे ना?"

"खरा आहे."

"मग?"

"आमच्यामुळे बसला तो." त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. "बोगद्याच्या तोंडाशी आम्ही कॅमेरा लावला. शॉट नीट मिळेना, म्हणून गाडी थांबवून धरली. मुकादम गाडीवानावर खेकसला, गाडीवानाने राग घोडीवर काढला. दुसऱ्यांदा धरली, तेव्हाही तेच. ही म्हणाली, हे आपण घडवलंय, हे विकायचं नाही."

"तुम्ही नसता तेव्हा ते काय घोड्यांना कुरवाळतात का?" बाई म्हणाल्या.

"मारतात. पण ते आमच्या चित्रीकरणात नाही. आमच्याकडे घोड्या चालतात, उभ्या राहतात, खातात, अंधारात आत जातात. एवढंच आहे."

"एवढ्यावर कुणी चॅनेल बदलायचं थांबणार नाही."

बाई गेल्यावर मेहुणीने खुर्ची त्याच्याकडे फिरवली. मग म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. ताईला घोड्या सुटायला हव्या होत्या, की स्वतःचे हात स्वच्छ राहायला हवे होते?"

खरं तर हाच प्रश्न त्याच्याही मनात होता. त्या घोडीने मार खाल्लाच आहे. तो लोकांना दाखवून बाकीच्यांचा मार वाचत असेल, तर लपवून कुणाचं भलं होणार? बायको असती तर भांडला असता तिच्याशी. हरला असता, पण भांडला असता. आता भांडायलाही कुणी नव्हतं, आणि तिच्या माघारी तिचा शब्द मोडायचा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घातल्यासारखं झालं असतं.

"काढ ते," तो म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

मेहुणीने काढले. मधेमधे नाक ओढत होती. काढून झाल्यावर फिल्म अर्धीही उरली नाही. शेवट तर गेलाच होता.

चॅनेलने त्या वेळेत स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला. नगरपरिषदेच्या बैठकीला तो जाऊन मागच्या बाकावर बसला. खाणीच्या मालकाचा वकील म्हणाला, छळ होतो याचा पुरावा कुठे आहे? एका सदस्याने तेवढ्यात जांभई दिली. विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

मेहुणी रविवारी येते, डबा ठेवते, "खाऊन घ्या हं, नुसता झाकून ठेवू नका" म्हणून दटावते आणि जाते. मागच्या खोलीत ती जात नाही. आता तो जातो. एक टाळीचे शॉट पुन्हा पुन्हा बघतो, हा आधी लावून बघतो, तो नंतर. जोडणं त्याला येत नाही, शिकतोय. कधी वाटतं, लोक बघतील. कधी वाटतं, बाईंचंच खरं होतं, आपण हट्टापायी घोड्यांचा घात केला.

घोड्या रोज बोगद्यात जातात. फिल्मला अजून शेवट नाही.