रुखवतावरचे दिवे

"उतरवा, उतरवा. हळूच. खोके आमी घेऊनच आलो," नवऱ्या मुलाची आत्या खालून म्हणाली, आणि स्टुलावर चढलेल्या बेबीताईंचा हात वायरवरच थांबला.

बेबीताई चढल्या होत्या त्या आपले दिवे घरी न्यायला. लग्न लागलं होतं, पंगती उठल्या होत्या, अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात आता नुसती आवराआवर चालली होती. रुखवताच्या टेबलाशी वरपक्षाच्या बायका गोळा झाल्या होत्या आणि साखरेचा बंगला, लाडवांची ताटं, मण्यांचं तोरण, डबे, बरण्या असं एकेक उचलून खोक्यांत भरत होत्या. ते त्यांचंच होतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. नवरीकडच्यांनी रुखवत मांडायचं आणि सासरच्यांनी ते उचलून न्यायचं, ही रीतच आहे. पण बेबीताईंचे पाच दिवे टेबलावर नव्हतेच. ते टेबलाच्या वर टांगलेले होते.

"हे नाई बाई," त्या म्हणाल्या. "हे माहे दिवे आहेत. शोभेसाठी लावले व्हते."

"रुखवतात लावले म्हनजे रुखवतातलेच की," आत्याबाई हसून म्हणाल्या. त्या बिचारीच्या मनात काही नव्हतं. तिला जे माहीत होतं ते ती बोलली.

बेबीताईंनी बहिणीकडे पाहिलं. सीमा, नवरीची आई, बेबीताईंची सख्खी धाकटी बहीण, ओटीचं ताट घेऊन जवळच उभी होती. "सीमे, सांग ना यायले."

सीमानं ताटातली सुपारी उगाच इकडची तिकडे केली. "उतरव ताई," ती म्हणाली, "अन् आत्याबाईच्या हाती दे."

आता काय करता? नवरीच्या मावशीनं स्टुलावर उभं राहून पाहुण्यांदेखत दिव्यांसाठी भांडायचं? बेबीताईंनी दिवे उतरवले. देताना सवयीनं सांगितलंही, "बुडापासून धरजा. गयाले धरू नोका."

नुसत्या पाच दिव्यांसाठी एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मग दिवे कसले ते ऐका. बेबीताईंचं भाजीबाजाराच्या तोंडाशी फुलांचं दुकान. मूळच्या माळ्याच्या घरच्या, माहेरी फुलं, सासरी फुलं. पहाटे झेंडू-शेवंती उतरवून घ्यायची, दिवसभर हार ओवायचे, लग्नसराईत मांडव सजवायचे. जे करायचं ते रात्रीपर्यंत कोमेजणार, हे ठरलेलं. एकदा चिखलदऱ्याला एका हॉटेलच्या उद्घाटनाची सजावट करायला त्या गेल्या. हॉटेल म्हणजे जुना बंगलाच होता, कोण्या स्वीडनच्या मडमेचा, असं तिथला माळी म्हणाला. मागच्या ओसरीत फुटके नळ आणि मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात एक काचेचा दिवा पडला होता. छताला टांगायचा, कांद्याच्या आकाराचा, वरून निळा आणि आतून दुधासारखा पांढरा. बेबीताईंनी पदरानं पुसला आणि उन्हात धरला, अन् झालं, बाईचा जीव तिथंच अडकला. मॅनेजर म्हणाला, न्या, भंगारातच जाणार आहे. बेबीताईंनी तो फुलांच्या टोपलीत, उरलेल्या झेंडूवर निजवून घरी आणला.

त्या दिवसापासून हे वेड. मोबाइलवर फोटो टाकून शोधायला त्या शिकल्या. तेव्हा कळलं की हे दिवे साच्यात ओतलेले नसतात, माणूस नळीतून फुंकर घालून काच फुगवतो. दूर बर्फाच्या मुलखातले, स्वीडन-डेन्मार्क-फिनलंडकडचे, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे. ते जमवणारी माणसं जगभर आहेत. बेबीताईंनी ठरवलं की अकोल्यातही एक असावी. पातूरच्या एका डॉक्टरांचं घर पाडत होते, तिथून हिरवा मिळाला. बाळापूरच्या भंगारवाल्यानं तांबूस आणून दिला. मुलगा सुरतेला नोकरीला, त्यानं एक पिवळा गोधडीत गुंडाळून रेल्वेनं आणला. धुरकट रंगाचा तेवढा त्यांनी पदरचे पैसे साठवून पार्सलनं मागवला, त्याच्या काचेत एक बुडबुडा अडकलेला होता. पुंजाराम, म्हणजे त्यांचे यजमान, संध्याकाळी घरी आले की विचारायचे, "काय, आज काय दिवे लावले?" पण हुकावरचा पंखा काढून तिथं कांद्याचा दिवा टांगला तो त्यांनीच, आणि उन्हाळाभर घामानं निथळले पण बोलले नाहीत.

बेबीताईंना लोक फुलवाली म्हणूनच ओळखायचे. पण दिवे लागले की घरात आलेला माणूस मान वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बेबीताई, हे तुमी जमवले?" तेवढं एक वाक्य त्यांना पुरायचं. आयुष्यात स्वतःच्या नावावर असं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग इतकी जपून ठेवलेली वस्तू रुखवतावर लावायची अक्कल कुठून सुचली? निम्मं आयुष्य लग्नघरांत गेलेल्या बाईनं ही चूक करावी? तर बेबीताई दिवे स्टेजवर लावणार होत्या. सीमाच म्हणाली, "ताई, रुखवताकडं अंधार पडते. तिकडं टांग." बहीण सांगते म्हटल्यावर मनात शंका कशाला येईल? शिवाय नवरी, वर्षाली, म्हणजे बेबीताईंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली भाची. मोठीआई, मोठीआई करत दिव्यांखाली बसून अभ्यास करायची. कांद्या, हिरव्या, तांब्या, पिवळ्या, धुरकट, ही नावं दोघींनी मिळून ठेवलेली.

वऱ्हाड निघून गेल्यावर बेबीताईंनी सीमाला कार्यालयाच्या मागच्या अंगाला, भांडी घासत होत्या तिथं गाठलं.

"असं कावून केलं सीमे?"

"मी काय केलं? त्या मांगत व्हत्या, मी नाई कसं म्हनू? पोरीचा पहिला दिवस हाय." सीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यायचं घर पायलं ना तू? अमरावतीत बंगला. आपल्याजोळ दाखवाले होतं तरी काय ताई? चार डबे अन् लाडू." मग डोळे पुसून ती म्हणाली, "मी आनून देतो ना. जरा दमानं घे. पोरगी रुळू दे, मी स्वतः आनून देतो."

बेबीताईंचा राग तिथंच निम्मा उतरला. सख्खी बहीण रडताना पाहिली की त्यांचं हे असंच व्हायचं, लहानपणापासून.

आषाढात वर्षाली माहेरी आली तेव्हा सीमा म्हणाली, एवढी नाजूक काच ती एकटी कशी आणणार? गणपतीत म्हणाली, घरात पाहुणे असतील, बरं दिसत नाही. दसऱ्याला तिनं फोनच उचलला नाही. पुंजारामांनी हुकाला पंखा पुन्हा लावला. वारा चांगला येत होता, पण दोघंही त्याखाली बसत नव्हते.

दिवाळीनंतर बेबीताईंना अमरावतीला एका साखरपुड्याच्या सजावटीचं काम आलं. काम दुपारीच आटोपलं. जवळच वर्षालीचं सासर. दिवे मागायचे नाहीत, एवढं त्यांनी ठरवलं होतं. नुसते पाहून यायचे, झालं. आपलं माणूस परगावी दिलं की डोळ्यांनी पाहून येतोच ना आपण.

विहीणबाईंनी, आशाताईंनी, अगदी हात धरून आत नेलं. भल्या बाई होत्या. बैठकीतून जेवणाच्या टेबलाकडे वळल्या आणि बेबीताईंचे पाय थबकले. पाचही दिवे टेबलावर ओळीनं टांगलेले होते. पण इतके वर, छताला चिकटून, की खालून नुसते बल्ब डोळ्यांत घुसत होते. कांद्याचा निळा रंग पार मेलेला. तरी सगळे धडधाकट होते. बेबीताईंनी मनातल्या मनात पाचही मोजले आणि मग त्यांना हसता आलं.

"पाहून राहिल्या ना?" आशाताई कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या घरी येणारा प्रत्येक जण विचारते. मी सांगतो, आमच्या विहीणबाईची हौस. वीस वर्सं लागले म्हने त्यायले जमवाले. एवढ्या संसारातून त्या बाईनं कशी हौस केली असन, नाही?"

बेबीताईंना आधी कळलंच नाही. "कोनं?"

"सीमाताईंनी. आमी पहिल्यांदा बोलणीसाठी आलो तवाच त्यायनं मोबाइलमदे फोटो दाखवले. म्हनल्या, पोरीसंगं हेच देनार आहो, असं कोनाच्याच रुखवतात नसन. घरी जागा नाही म्हनून ताईकडं ठेवले आहेत, असं म्हनल्या." आशाताईंनी बेबीताईंच्या हातावर हात ठेवला. "तुमचंही कौतुक आहे हो. दुसऱ्याची वस्तू इतके वर्सं एवढी जपून कोन ठेवते? बाहेरच्या कोनाकडं ठेवले असते त एखादा तरी फुटला असता."

बोलणीत. म्हणजे लग्नाच्या चार महिने आधी. म्हणजे "रुखवताकडं अंधार पडते" हे त्यानंतरचं, ताटातली सुपारी त्यानंतरची, आणि डोळ्यांतलं पाणी तर सगळ्यात शेवटचं. वस्तू गेली याचं दुःख त्यांनी सहा महिन्यांत पचवत आणलं होतं. पण त्यांचं ते एकुलतं एक वाक्य, तेही उचलून बहिणीनं स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं.

चहाचा ट्रे घेऊन वर्षाली दारात उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं.

"आमच्या वर्षालीलेही एकेकाचं नाव पाठ आहे," आशाताई सांगत होत्या. "आईनं शिकवलं म्हनते. हे काय, कांद्या, धुरकट... काय गं?"

वर्षालीनं ट्रे टेबलावर ठेवला. कपांचा आवाज झाला. तिनं मोठीआईकडे एकदाच पाहिलं आणि त्या पाहण्यात काय होतं ते बेबीताईंना बरोबर कळलं. हे घर तिचं होतं. एका शब्दानं तिची आई इथं खोटी ठरली असती, आणि आईच्या पाठोपाठ तीही.

"हो," बेबीताई म्हणाल्या. "सीमेले लय हौस. लहानपनापासूनच."

चहा त्यांनी पूर्ण प्यायला. तो गोड होता की फिका, कोणास ठाऊक. निघताना वर्षाली पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना वेळ लागला, पण ठेवला.

फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या आशाताईंना काहीतरी आठवलं. "बेबीताई, एक काम करसान का? त्या दिव्यांचा उजेड डोयावर येते बाप्पा. आमच्या इलेक्ट्रिशियनले काही समजत नाही. किती उंचीवर लावाचे, थे सीमाताईले विचारून सांगसान?"

"विचारतो ना," बेबीताई म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच विचारलं. अमरावतीच्या स्टँडवर, अकोल्याच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाल्यावर त्यांनी सीमाला फोन लावला. आश्चर्य म्हणजे या खेपेला सीमानं उचलला.

"मी वर्षालीकडून येऊन राहिली," बेबीताई म्हणाल्या.

पलीकडे सीमानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुह्या विहीणबाईनं निरोप देल्ला. दिवे किती उंचीवर टांगाचे म्हनते. उजेड डोयात जाते त्यायच्या."

"ताई..."

"सांग ना. मले त्यायले कळवा लागते."

"ताई, तू काही बोलली त नाईस ना तिथं?"

बेबीताईंनी ऐकलं. तिला पहिली काळजी ही पडली होती. ज्या बहिणीला त्यांनी कडेवर वागवलं, तिचा आवाज आज त्यांना बाजारात भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखा वाटला.

"नाई बोलली," त्या म्हणाल्या. "पोरगी हाय तिथं. आता सांग, किती उंचीवर?"

"मले काय मालूम ताई," सीमा रडायलाच लागली. "तूच सांग ना. तुले मालूम आहे ना सारं."

"मले कसं मालूम असन? मी त फुलवाली," बेबीताई म्हणाल्या, आणि फोन बंद केला.

गाडी सुरू झाली. पिशवीत फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजायला लागला. शेजारच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं आणि शेवटी म्हणाली, "बाई, तुमचा वाजून राहिला."

"वाजू द्या," बेबीताई म्हणाल्या, आणि तिला नीट बसता यावं म्हणून त्या खिडकीकडे आणखी थोड्या सरकल्या.