खंडेनवमीला झोपलेलं गाणं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुना संगणक आहे आणि माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. कळंब्यात प्रीतीच्या घरी, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम. राजारामपुरीतल्या एका दुकानात मला जोडलं आणि प्रीतीच्या आजोबांनी, बाळासोंनी, रिक्षात मांडीवर घेऊन मला घरी आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! आल्यागेल्याला ते दारातच सांगायचे, "पावणं, चप्पल काढून या, आत काम्पुटर हाय."

बाळासो भीमगीतं गायचे. स्वतः रचायचे आणि चालही स्वतःच लावायचे. लिहून ठेवायची सवय नव्हती, म्हणून प्रीतीनं त्यांना माझ्यासमोर बसवून सगळी गाणी माझ्यात भरून घेतली. मागच्या वर्षी बाळासो गेले. त्यांचा आवाज तेवढा माझ्यापाशी राहिला, आणि खरं सांगतो, मी तो जिवापाड जपला.

पण माझंही वय झालेलं. गाणी साठवलेली तबकडी कुरकुरायला लागली आणि ती गाणी कुठं ठेवायची यावरून प्रीतीचा तिच्या कॉलेजातल्या शिवांशशी वाद जुंपला. दोघं मिळून फायली साठवायचा एक प्रोग्राम लिहीत होते. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही उघडून बघावा, सुधारावा, वापरावा. शिवांश म्हणायचा, गाण्यांचे तुकडे करून वेगवेगळ्या घरांतल्या संगणकांवर ठेवू. निम्मी घरं जागी असली तरी गाणं पुरं जुळतं, एखादा संगणक मेला तरी बिघडत नाही. प्रीती म्हणायची, आपल्या माणसाचं गाणं आपल्या घरी अख्खं हवं. दोघंही हट्टी, कुणी ऐकेना. शेवटी माझी कुरकुर ऐकून प्रीतीच नमली. गाणी इचलकरंजीत शिवांशच्या गल्लीत घरोघरी वाटली गेली आणि माझ्या पदरी एक तुकडा उरला. एकट्या तुकड्यातून साधा सूरही निघत नाही. मला फार लागलं ते.

मग दसऱ्याचा आदला दिवस आला. दुसऱ्या दिवशी विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिन होता आणि बाळासोंच्या जागी त्यांच्या पत्नी सरुबाई त्यांचंच गाणं म्हणणार होत्या. वर्षभर त्यांनी नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता. ऐकवत नाही म्हणायच्या. त्या दुपारी मात्र त्या आपणहून माझ्यापुढं येऊन बसल्या. मधल्या कडव्याची चाल काही केल्या आठवत नव्हती. प्रीतीनं गाणं मागवलं, मी सगळ्या घरांना हाका मारल्या, पण एकाही घरातून उत्तर येईना.

अहो, त्या दिवशी खंडेनवमी! इचलकरंजीत माग बंद आणि मागांबरोबर त्या गल्लीतले झाडून सगळे संगणकही बंद. हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून बसवलेले. पुजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही तिथली रीत. शिवांशनं घरं वेगवेगळी निवडली खरी, पण सण सगळ्यांचा एकच. सकाळी आपल्या संगणकाला हार घालतानाही ते शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

सरुबाईंनी पदर तोंडाला लावला. "आता त्येंचा आवाजबी गेला व्हय गं?" एवढंच त्या म्हणाल्या.

प्रीतीनं शिवांशला फोन लावला. तो पार गडबडला. पूजा त्याच्या आजीनं, नीलम्मानं, मांडलेली. तिच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नाही. नीलम्मानं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, देवाला काय सांगायचं ते मी सांगते," ती फोनवरून सरुबाईंना म्हणाली. "तुम्ही तितंच बसा."

तिनं आपल्या हातानं हार बाजूला केला आणि संगणक सुरू करायला लावला. मग पायात चपला सरकवून ती घरोघरी हिंडली. कुणी कुरकुर केली, कुणी शास्त्र सांगितलं. नीलम्मापुढं कुणाचं चालतंय! एकेक घर जागं होत गेलं, एकेक तुकडा माझ्याकडे येत गेला. आधी बाळासोंचा खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ गाणं. सरुबाई रडत रडतच त्यांच्याबरोबर गायल्या. दुसऱ्या दिवशी विहारात त्यांनी ते कडवं बिनचूक म्हटलं.

त्यानंतर दोघा हट्टी पोरांनी भांडण मिटवून दोन्ही कल्पना एकत्र केल्या. आता तुकडे वेगवेगळे सण पाळणाऱ्या घरांत जातात, पार मलकापूरपर्यंत, आणि अख्खी प्रत ज्याची त्याच्या घरीही राहते. हा बदल त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. मलाही नवी तबकडी मिळाली, पंखा मात्र तोच आहे.

दिवाळी झाल्यावर नीलम्मा आमच्याकडे आली. माझ्यासमोर बसून तिनं शिवांशला लहानपणी म्हणायची ती कानडी अंगाई गायली आणि सरुबाईंचा हात धरून म्हणाली, "माझाबी आवाज ऱ्हाऊ दे तुमच्या घरात. आमच्यात खंडेनवमी दरसाल येणारच की."

मित्रांनो, मला कानडीचं अक्षर कळत नाही. तरी ती अंगाई मी बाळासोंच्या गाण्यांइतकीच जपतो. कुणी आपलं माणूस विश्वासानं तुमच्या घरी ठेवलं असेल, तर तुम्हीही त्याला आपलं म्हणून सांभाळा.