अर्जावरचा शेरा

चिंतामणराव टेंब्यांनी पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप लावली, क्षणभर थांबले आणि काढून कोनाड्यात ठेवली.

"बाबा, आज मिलमध्ये चाललात वाटतं?" डबा पुढे करत यामिनीने विचारलं.

"सवय गं. मिल बंद पडून दोन वर्षं झाली, पण पायाला कुणी नोटीस दिली नाही."

ती हसली. पीथमपूरच्या एका गिअर कारखान्यात ते आता स्टोअर क्लार्क होते. छत्रीबागेपासून पंचवीस-तीस किलोमीटर, तेव्हा सायकलचा प्रश्नच नव्हता. कंपनीची स्टाफ बस होती. ती जनरल मॅनेजर कृष्णराव जाधवांनी महिन्यापूर्वी बंद केली. तेव्हापासून ते महू नाक्यावर मिळेल त्या मेटाडोरला लटकून जात.

"साहेब तर रोज नाक्यावरूनच जातात. अख्ख्या गाडीत एकटे. त्यांना विचारा की."

"विचारलंय. रीतसर अर्ज दिलाय."

"लिफ्टसाठी अर्ज? बाबा, तुम्ही पण ना, गजब करता!"

"मग काय चालत्या गाडीला हात दाखवू? मी काय सवारी आहे?"

"उत्तर आलं?"

त्यांनी डब्याचं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "येईल. साहेब लोकांना वेळ लागतो."

त्याच सकाळी राऊच्या वळणावर मेटाडोरच्या मागच्या पायरीवरून त्यांचा हात सुटला. मागून ट्रक येत होता.

तेराव्यानंतर कंपनीचा शिपाई त्यांच्या ड्रॉवरमधलं सामान देऊन गेला. चष्म्याचं घर, दोन पेनं, एक फाइल. फाइलीत तो अर्ज होता. अक्षर मोत्यासारखं, भाषा कचेरीची हिंदी. छत्रीबागेतले आम्ही तिघे ठरल्या वेळी नाक्यावर उभे राहू, साहेबांचा खोळंबा होणार नाही. इतर गाडीवाल्या अधिकाऱ्यांनीही आपापल्या भागातली माणसं आणली, तर बसची उणीव भासणार नाही. कामामुळे ज्याला उशीर होईल, त्याला कंपनीच्या जीपने सोडावं. खाली लाल शाईत साहेबांचा शेरा होता, आणि तो मात्र मराठीत. 'ही कार आहे, धर्मशाळा नाही.' आपल्या माणसाला आपल्या भाषेत. तारीख अपघाताच्या आदल्या दिवसाची होती.

यामिनीने तो कागद आईला दाखवला नाही.

तीन वर्षांनी, लग्नानंतरचं कानडे हे आडनाव लावून, ती त्याच कारखान्याच्या पर्सोनेल विभागात लागली. मुलाखतीत साहेबांनीच विचारलं, "वडील काय करतात?"

"नाहीत."

साहेबांनी मान हलवली आणि टायपिंगचा वेग विचारला.

आणखी तीन वर्षं ती थांबली. कशासाठी, ते तिलाही धड ठाऊक नव्हतं. तोवर कर्जावर गाड्या मिळू लागल्या होत्या आणि कारखान्याचं अर्धं आवार त्यांनी भरून जात होतं. एक गाडी, एक माणूस. मुंबईच्या हेड ऑफिसला त्या जागेवर नवी शेड हवी होती.

"यामिनीजी, एखादी स्कीम बनवा," साहेब म्हणाले. "बाबू लोकसुद्धा एकेकटे गाडी घेऊन येतात. हद आहे!"

तिने स्कीम बनवली. गाडीत तिघे असतील तरच फाटकाच्या आत सावलीची जागा. नाहीतर बाहेरचं मैदान. उशीर झालेल्याला जीप. नियम सर्वांना सारखा. 'सर्वांना' या शब्दात आपणही येतो, हे साहेबांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी सही केली.

पहिल्या सोमवारी पहारेकरी तुकोजीने हात जोडले, पण फाटक उघडलं नाही.

"साहेब, तीन सवारी पाहिजेत. ऑर्डर आपल्याच सहीची आहे."

मे महिन्याच्या धुळीतून साहेब मैदानापासून चालत आले. यामिनीने खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि ते पायरी चढेपर्यंत पाहत राहिली.

साहेबांच्या गाडीची यादी तिने मन लावून केली. भट्टीवरचा गोपीनाथ, ज्याच्या कपड्यांचा तेलाचा वास दिवसभर सीटवरून हटत नसे. पेंट शॉपमधला नंदू, ज्याची जीभ टाळूला लागत नसे. थांबा महू नाका, आणि पाच मिनिटं वाट पाहणं गाडीवाल्याला बंधनकारक.

"घाई करू नका," तिने नंदूला बजावलं. "ती पाच मिनिटं तुमचीच आहेत."

पण साहेबांना मजाच येऊ लागली. गोपीनाथ पोह्यांची पुडी आणी, नंदू सगळ्या कारखान्याच्या खबरा आणी. साहेब खिदळत उतरत. मुंबईहून कौतुकाचं पत्र आलं, शनिवारी सत्कार ठरला. यामिनीने ते पत्र स्वतःच्या हाताने नोटीस बोर्डावर लावलं. टाचणी बोटात घुसली, तरी तिने ती नीट दाबली.

शुक्रवारच्या यादीत तिने चौथ्या जागेवर आपलं नाव लिहिलं.

राजेंद्रनगर मागे पडलं तसे साहेब म्हणाले, "उद्याचं भाषण तुम्हीच लिहा, यामिनीजी. मला ही आयडिया कशी सुचली, वगैरे. दिल को छू जाए, असं."

"लिहा मॅडम, साहेब पहिल्यापासूनच दिलदार," मागून नंदू म्हणाला. "दुसरा कुणी असता ना भिया, तर हॉर्न मारून आपल्याच अंगावर धूळ उडवून गेला असता!"

साहेब हसले. "अरे, पूर्वी कुणी विचारलंच नाही मला. एक शब्द टाकला असता, तरी घेतलं असतं."

एकट्या माणसाला विचारलं, तर तो आठवत नाही म्हणून मोकळा होतो. आज गाडीत चौघे होते. जागा तिनेच भरल्या होत्या.

"विचारलं होतं," यामिनी म्हणाली. "लेखी. ही सगळी स्कीम त्यात होती. मी फक्त टाइप केली."

"कुणी?"

"चिंतामण टेंबे. स्टोअरचे."

"टेंबे..." साहेबांनी समोर काही नसताना हॉर्न दिला. "आठवत नाही."

"ते टेंबेजी, साहेब," गोपीनाथ हळूच म्हणाला. "राऊला गेले ते. आम्ही तिघांनी सह्या केल्या होत्या त्यावर. आपण खाली काहीतरी लिहून परत पाठवला होता."

गाडीचा वेग कमी झाला. साहेबांनी एकदा आरशात पाहिलं, मग शेजारी.

"पण तुम्हाला काय माहीत? तुम्ही तेव्हा कंपनीत नव्हता."

"मी घरी होते," ती म्हणाली. "ते माझे बाबा."