बेडकीची अक्कलदाढ

आमच्या डॉक्टरीणबाई दात काढताना बोलतात. सगळेच दातांचे डॉक्टर बोलत असतील म्हणा. समोरच्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, असं सुख आणखी कुठल्या धंद्यात मिळणार? पूर्वी बाई हवापाण्यावर, फार तर रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलायच्या. मग एका रविवारी त्या तो गोगलगाईचा कार्टून सिनेमा बघून आल्या आणि आमच्या दवाखान्याचं थिएटर झालं.

"काय सांगू ताई," सोमवारी हातमोजे चढवत त्या मला म्हणाल्या, "म्हातारी गोगलगाय टपाल वाटते. रागानं लिहिलेलं पत्र पोचेपर्यंत राग उतरलेला असतो, आणि लग्नाचं आमंत्रण पोचेपर्यंत नवरीला नातवंडं! पहिली दहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. ती नुसती चालतेय, आणि इकडे मी रडतेय. बरं, खलनायकच नाही हो त्यात. उशीर होतो, एवढंच संकट. गोष्ट सांगावी तर अशी!"

मी मदतनीस. दिवसभर रुग्णाच्या डोक्याशी उभी राहून एका हातानं लाळ ओढायची नळी धरते, दुसऱ्या हातानं मागतील ते हत्यार पुढे करते. म्हणजे कानांवर ठेवायला हात उरत नाही. आणि मला तर तो सिनेमा मुळीच ऐकायचा नव्हता.

त्याला कारण होतं शेपूट. शेपूट म्हणजे माझी मुलगी. लहानपणी सारखी माझ्या मागेमागे, म्हणून ते नाव पडलं. आता पंधरा वर्षांची आहे आणि रस्त्यानं माझ्यापुढे दहा पावलं चालते, कुणी आम्हाला एकत्र पाहू नये म्हणून. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी हा सिनेमा पाहिलेला. हिची सोबतीण आजारी पडली, म्हणून माझा नंबर लागला.

"पुढच्या रविवारी जाऊ," ती म्हणाली. "पण आई, एक अट. तू मध्ये बोलायचं नाहीस. मागच्या वेळी तू अख्ख्या थिएटरला सांगितलंस, आता हा मरणार म्हणून."

"अगं, त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं!"

"बोललीस तर पुन्हा कधीच तुझ्याबरोबर येणार नाही. कधीच म्हणजे कधीच."

पंधराव्या वर्षी लेकरं असं बोलतात तेव्हा ते खरं करून दाखवतात, हे मला तिच्या थोरल्या भावावरून ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलं की काही कळलंच नाही तर तोंडातून निघणार काय? मंगळवारी सकाळी मी गालात ठेवायच्या कापसाच्या दोन गुंडाळ्या घेतल्या आणि कानात घातल्या.

दोन दिवस छान गेले. बाईंचे ओठ मास्कखाली हलत, मी हाताच्या खुणेवरून हत्यारं देई. गुरुवारी मिशीवाले बसचालक आले. मिशी म्हणजे दोन्ही गालांवर टेकलेली, तेल लावून वळवलेली, घरच्यांपेक्षा जास्त जपलेली. आमच्या दवाखान्यात एक नियम आहे, दुखलं की डावा हात वर करायचा. त्यांनी डावा हात वर केला. बाई रंगात आलेल्या. त्यांनी नुसतं "थांबा हो, पुढं तर ऐका" असं काहीसं केलं. चालकांनी उजवाही वर केला. मग दोन्ही पाय. डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाईंना वाटलं, गोगलगाईसाठी रडतायत. मला वाटलं, बाईंनी चांगलीच गोष्ट रंगवली असणार.

खाली पाहते तो काय, डावी मिशी मुळापर्यंत नळीत!

नळी बंद केली तरी मिशी सुटेना. शेवटी बाईंनी कात्री मागितली, तेव्हा चालक भूल दिलेल्या तोंडानं असं काही किंचाळले की कापसातूनही ऐकू आलं. साबणाच्या पाण्यानं हळूहळू सोडवली. एक बाजू वर, एक बाजू खाली, अशी ती घरी गेली.

बाईंनी माझ्या कानातून कापूस उपसला. "हे काय, ताई?"

मी सगळं सांगितलं. बाई फार हळव्या. दिसायला गरीब, पण गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात तशातली गत, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "शेवट तुमच्यासमोर सांगणार नाही, वचन! शेवट आला की तुम्ही हत्यारं उकळायला आत जायचं."

"आणि शेवटाच्या आधीचं?"

"तेवढं ऐकावं लागेल बाई. गोष्ट अडली की माझा हात अडतो."

तर अशी मी दिवसातून सहा-सात वेळा ती गोष्ट ऐकू लागले. नको म्हणता म्हणता आवडायला लागली. विशेषतः मध्यंतरानंतर येणारी बेडकी! ती टपालखात्याची मुख्य. तिची अक्कलदाढ ठणकायची, म्हणून ती कुणाचीही पत्रं उघडून वाचायची आणि तळ्याच्या तळाशी दडवून ठेवायची. गोगलगाय तिला म्हणते, "दाढ काढ, मन मोकळं होईल." रुग्ण अगदी गुंगून जात. लोक पुढची वेळ स्वतःहून मागू लागले. एक निवृत्त मुख्याध्यापिका न दुखणारा दात दाखवायला दोनदा आल्या. बेडकी दाढ काढायला खुर्चीत बसली की बाई माझ्याकडे बघत, मी मुकाट आत जाई. आतून उकळत्या भांड्याचा आवाज आणि बाहेरून बधिर तोंडांचं हसणं. शनिवारपर्यंत माझा जीव त्या दाराच्या फटीला लागला होता, पण कान लावला नाही. शेपटीची शपथ.

रविवारी आम्ही गेलो. शेपूट पुढे, मी दहा पावलं मागे. पण खुर्च्या शेजारी-शेजारीच होत्या, त्याला ती तरी काय करणार. दिवे गेले. खरंच दहा मिनिटं कुणी बोललं नाही. ती नुसती चालत होती, भिजल्या रस्त्यावर, पाठीवर पिशवी घेऊन. मी ओठ घट्ट मिटून घेतले. शेपटीनं एकदा चोरून डोळे पुसले आणि मी तिकडे पाहिलं नाही. आईपणाच्या एवढ्या वर्षांत याहून अवघड काम मी केलं नसेल.

मध्यंतर झालं. पुन्हा दिवे गेले. मी सरसावून बसले.

बेडकी येईना. तळं आलं, तळ्यात कमळं आली, बदकं आली. गोगलगाय तळं ओलांडून गेलीसुद्धा. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात मागून भसाडा आवाज आला, "अहो, पण बेडकी कुठाय?"

वळून पाहिलं तर मिशीवाले! आणि मी, माझ्याही नकळत, चांगल्या खड्या आवाजात बोलून गेले, "हो ना! आणि तिची अक्कलदाढ?"

पहिल्या रांगेतून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला, "मीसुद्धा तिचीच वाट बघतेय!" कोपऱ्यातून आणखी कुणी, "बेडकीशिवाय हा काय सिनेमा आहे?" सगळी ओळखीची तोंडं. नुसती ओळखीची काय, आतून पाहिलेली. आणि आमच्या दोन रांगा पुढे एक डोकं हळूहळू खुर्चीत बुडत चाललं होतं. रोज खुर्चीवर वाकलेला तो अंबाडा मी कुठेही ओळखला असता.

मी शेपटीकडे बघायला धजेना. संपलं, म्हटलं. कधीच म्हणजे कधीच.

सिनेमा सुटल्यावर दारात सगळ्यांनी बाईंना घेरलं. बाई लालबुंद. "मागच्या रविवारी मध्यंतरात फोन आला हो, एकाचा दात पडला होता, मला उठावं लागलं. पुढचं आजच पाहिलं."

"मग आम्हाला सांगितलंत ते?"

"माणसाला अर्धवट अवस्थेत खुर्चीतून उठवायची मला सवय नाही," बाई म्हणाल्या.

मिशीवाल्यांनी डावी मिशी कुरवाळली. "खरं सांगू डॉक्टर? तुमचाच बरा होता."

मी बाजूला सरकले. शेपूट तोंडावर हात दाबून उभी होती. खांदे हलत होते. रडतेय की काय म्हणून जवळ गेले, तर ती हसत होती, अशी की तिला धड उभंही राहता येईना.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "बेडकीला अक्कलदाढ? बेडकीला?"

"मग! खालची, उजवीकडची. वाकडी आलेली."

"आणि तुम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवलात?"

"तोंड उघडं असलं की माणूस कशावरही विश्वास ठेवतो."

बसच्या थांब्यापर्यंत ती माझ्या शेजारून चालली. "पहिल्यापासून सांग," म्हणाली. मी सांगितलं, जसं दवाखान्यात ऐकलं तसं. पत्रं, तळ्याचा तळ, ठणका, आणि शेवटी बेडकी खुर्चीत बसते तिथपर्यंत.

"मग?"

"मग मला काय माहीत? त्या वेळी मी आत हत्यारं उकळत असायचे."

"असं कसं! सांग ना काहीतरी. तू बनव."

"मी? अगं, मला कुठे येतंय..."

समोर बस येऊन थांबली. दार उघडलं. आतल्या माणसानं आमच्याकडे पाहिलं. शेपटीनं त्याला हातानंच "जा" म्हटलं आणि माझा पदर ओढून मला थांब्याच्या बाकावर बसवलं.

"बोल तू," ती म्हणाली. "बेडकीनं तोंड उघडलं. पुढे?"